बेसिन बसवलं तो उन्हाळा

यंदाही चैत्र सरता सरता नळाची पाळी लांबली. काल सकाळी समोरच्या गल्लीत कुणीतरी "पाणी आलं, पाणी आलं" असं ओरडलं आणि घराघरांतल्या मोटारी एकामागून एक सुरू झाल्या. मी पिपावरचं झाकण काढलं, पाइप सोडला आणि तशीच उभी राहिले. वाऱ्याला कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा कडसर-गोड वास होता. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं. आधी पोकळ आवाज, मग हळूहळू भरत जाणारा. लातूरच्या बाईला या आवाजानं केवढं बरं वाटतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मलाही वाटायचं. पण त्या एका उन्हाळ्यापासून टाकी भरत आली की मी उगीच एकदा गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक फिरतो की नाही ते बघून येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या ह्यांचं गोलाईजवळ कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक, शेजारी, आमची मुलगी शिल्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, म्हणून इथं मीही तेच लिहिते. समोर असताना मात्र आजही "अहो"च. शिल्पा लग्न होऊन नांदेडला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

त्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी लिंगपूजेला बसलेल्या अप्पांच्या हातून भस्माची वडी खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायला गेले, तर शब्द तोंडातल्या तोंडात लोळायला लागले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हलका झटका आहे. वेळेत आणलंत." लोक आम्हाला नशीबवान म्हणाले, आणि ते खरंही होतं. वाचा परत आली. पाय बराचसा परत आला. उजवा हात मात्र अर्धाच आला. कपाळावरच्या तीन रेषा ते डाव्या हातानं ओढायला लागले. त्या थोड्या कलत्या यायच्या, पण मी कधी बोलले नाही.

अप्पा सुधारत होते आणि मी बिघडत होते. घरात काहीही वाजलं की मी पळायची. मांजरानं पातेलं पाडलं, पळ. शेजारी पाट आपटला, पळ. ते न्हाणीत गेले की मी दाराबाहेर उभी. तांब्याचा आवाज, खोकल्याचा आवाज, मग काहीच नाही, आणि तेवढ्या वेळात माझा श्वास वर. ते दार उघडून बाहेर आले की मी टॉवेल घडी करायचं नाटक करायची. शाळेत फळ्यावर बेरीज लिहिताना खडू मध्येच थांबायचा. आता ते अंघोळीला गेले असतील. आता पायरीवरून उतरत असतील. पोरं पाठीमागून उत्तर ओरडायची आणि मी भानावर यायची.

वैशाखात सुट्टी लागली. मी स्वयंपाकघरात तोंडी लावायच्या तक्कूसाठी कैरी किसत होते. अप्पा दात घासत होते. अचानक काहीतरी धाडकन कोसळलं, आणि त्या आवाजामागून माणसाचा आवाज आला नाही.

कशी पोचले ते आठवत नाही. अप्पा न्हाणीत खाली बसले होते. भोवती बेसिनचे पांढरे तुकडे, तोंडाला दंतमंजनाचा फेस, हनुवटीवर एवढासा ओरखडा. उजवा गुडघा ऐन वेळी वाकला, म्हणून त्यांनी सगळा भार बेसिनवर टाकला होता. भिंतीतले जुने खिळे सिमेंटसकट बाहेर आले होते.

"मला काय झालं न्हाई," ते म्हणाले. "बेसिन गेलं."

मी त्यांना उठवलं, बाहेर आणून बसवलं, तुकडे गोळा केले. माझ्या हाताला कैरीचा कीस तसाच चिकटलेला होता. त्याच दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, आता बेसिन नको. मोरीत प्लास्टिकचं स्टूल आणि बादली ठेवली. बसून तोंड धुवायचं, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही. माझ्या मतानं किती सोपं होतं!

अप्पा बसले त्या स्टुलावर. पण घरातलं बोलणं थांबलं. चहा घेतला का, हाव. जेवता का, हाव. मग एका सकाळी ओल्या तोंडानं माझ्यापुढं उभे राहिले.

"बसून तोंड धुवायला मी काय आजारी हाय का?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

आमच्याकडं नेहमी येणारा नळवाला लग्नसराईला किनवटकडच्या आपल्या गावी गेला होता. दुसऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाई, उन्हाळ्यात बोअरच्या मोटारींचंच काम उरकंना झालंय. बेसिनचं पाऊस पडल्यावर बघू." मला आतून बरंच वाटलं. पण अप्पांनी ऐकलं होतं.

"आपणच बसवू," ते म्हणाले.

"आपण म्हणजे कोण?"

"तू आन् मी. तुझे दोन हात, माझा एक. तीन झाले की."

संध्याकाळी शिल्पाचा फोन आला. तिला सांगितलं तर ती तिकडून ओरडलीच. "आई, काहीतरीच काय! अप्पांना जड उचलू देऊ नकोस. थांबा, मी इथून माणूस पाठवते." अप्पांनी फोन माझ्या हातून घेतला. "नांदेडहून लातूरला बेसिन बसवायला माणूस येणार? लोक हसतील बाई आपल्याला." तिनं शेवटी हात टेकले आणि एक व्हिडिओ पाठवून दिला. त्यात एक चुणचुणीत तरुण हिंदीत बोलत बोलत चहा निवायच्या आत बेसिन बसवून मोकळा होत होता. आम्ही दोघांनी तो इतक्या वेळा पाहिला की त्याचं "तो दोस्तों" आमच्या घरात म्हणायची गोष्ट झाली.

दुकानात अप्पांनी बेसिन निवडायला जो वेळ लावला, तेवढा त्यांनी शिल्पासाठी स्थळ बघतानाही लावला नसेल. रंग नाही, आकार नाही. हरेकाच्या कडेवर डावा हात ठेवून दाबून बघायचे. दुकानदार वैतागला.

"मालक, बेसिन हात धुवायला असतंय, टेकायला न्हाई."

"मला दोन्हीला पाहिजे," अप्पा म्हणाले.

त्यानं एकदा त्यांच्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि मग आतून एक बेसिन काढून आणलं. खाली जमिनीपर्यंत खांब असलेलं. "याचा भार खांबावर येतो. पण भिंतीत बोल्ट भक्कम बसवा. बाकी फिकर करू नका." बाकी फिकर करू नका! मी त्या माणसाकडं बघतच राहिले. मला कुणी हे इतक्या सहज सांगितलं नव्हतं.

रिक्षात बेसिन आमच्या दोघांच्या मध्ये होतं. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर पाण्यासारखं हलत होतं. अप्पांनी डाव्या हातानं त्याची कड धरून ठेवली होती आणि खड्डा आला की त्यांचे ओठ हलायचे. मीही मनात जप करत होते, पण तो बेसिनसाठी नव्हता.

भोकं पाडायचं मशीन शेजाऱ्यांकडून आणलं. आयुष्यात मी सुई, लाटणं आणि खडू यांपलीकडं हत्यार धरलेलं नव्हतं. अप्पांनी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या, मला पुढं उभं केलं आणि मागून डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "दाबू नको. नुसतं धरून राहा. ते आपलं काम करतंय." मशीन सुरू झालं आणि माझे दात वाजायला लागले. पांढरी धूळ डोळ्यांत, केसांत, तोंडात. फरशी तडकेल, वायर पाण्याला लागेल, ह्यांचा पाय घसरेल. मनात भीतीची नुसती रांग लागली होती. पण चारही भोकं सरळ पडली. एकही फरशी तडकली नाही. अप्पांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "तो दोस्तों!" आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या बाई भिंतीपलीकडून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून.

त्या हसण्यामुळंच आम्ही पुढं जरा बेसावध झालो असू. जुना कॉक भिंतीत होता. आमच्याकडच्या जड पाण्यानं त्यावर पांढरे थर चढले होते. व्हिडिओतल्या तरुणानं कॉक बंद केला आणि नळी काढली, तेवढंच. आम्हीही कॉक बंद केला. अप्पांनी डाव्या हातानं पाना लावून नट फिरवला. फिरेना. जोर लावला. आणि नटासकट सगळा कॉकच भिंतीतून निघून त्यांच्या हातात आला.

आदल्या दिवशीच नळाला पाणी येऊन गेलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली. भिंतीतून मनगटाएवढी धार सुटली ती समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. अप्पांनी गळ्यातला टॉवेल बोळा करून भोकात दाबला, तर पाणी त्याच्या चारी बाजूंनी उडायला लागलं.

"गच्चीवर जा! टाकीखालचा कॉक बंद कर!"

"तुम्ही आधी बाहेर या."

"आगं, सगळं पाणी चाललंय!"

"जाऊ दे पाणी. फरशी ओली झालीय. तुम्ही बाहेर या, मग मी जाते."

"महानंदा," ते म्हणाले, "जा म्हणतो ना."

लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली, पण त्या आवाजात ते कधी बोलले नव्हते. मी गेले. चपला घालायचं सुचलं नाही. जिना बाहेरच्या अंगानं, भर दुपार, पायऱ्या तव्यासारख्या. वर पोचले तर तळपाय उचलून उचलून ठेवावा लागत होता. टाकीखालचा कॉक वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नव्हता. दोन्ही हातांनी धरला, हलला नाही. पदर गुंडाळून धरला, हलला नाही. टाकीतून पाणी खाली जाताना पाइप गार लागत होता आणि हाताला थरथर कळत होती. मला वाटत होतं, तिकडं माझा माणूस एका पायावर ओल्या फरशीवर उभा आहे, आणि मी इथं पाण्याची रखवाली करतेय. कठड्याजवळ पडलेला विटेचा तुकडा घेतला आणि कॉकच्या दांडीवर घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा. दांडी करकरली, थोडी वळली. मग मी रडत रडतच ती पूर्ण फिरवली.

थरथर थांबली. सगळीकडं एकदम शांत झालं.

"अहो!" मी वरून हाक मारली.

उत्तर नाही.

"अहो, ऐकू येतंय का?"

मी जिना कसा उतरले ते सांगता यायचं नाही. घरात शिरले, न्हाणीच्या उंबऱ्यावर आले आणि माझा पाय सरकला. चौकट हाताला लागली म्हणून वाचले. खांद्याला हिसका बसला. समोर अप्पा भिंतीला टेकून पाण्यात खाली बसलेले. पाय पुढं पसरलेले. डावा हात अजून बोळ्यावर दाबलेला, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. ते माझ्याकडं बघत होते.

"मी बसलोय," ते म्हणाले. "पडलो न्हाई. पाय थकला म्हणून बसलो."

"मग ओ द्यायला काय झालं होतं?"

"दिली की. पाइपात उरलेलं पाणी उडत होतं, त्या आवाजात मलाच आली न्हाई ऐकू."

माझा विश्वास बसेना. चेहरा तसा का झाला मग? झटका ओळखायच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा आठवत मी तिथंच पाण्यात गुडघ्यावर बसले. "हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. माझं नाव सांगा."

"आत्ताच तर घेतलं तुझं नाव."

"पुन्हा घ्या."

"महानंदा." त्यांनी हात वर केले. उजवा नेहमीसारखाच, अर्धा. ते हसलेही, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी त्यांना उठवलं, कोरडं केलं, कॉटवर निजवलं, आणि दुपारभर शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू दुसऱ्या बाजूशी ताडून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेसिन बसवलं. सोडून द्यावं असं मला वाटत होतं, पण भिंतीला भोक ठेवून गच्चीवरचा कॉक तरी किती दिवस बंद ठेवणार? नवा कॉक, त्याच्या आट्यांवर पांढरी टेप मीच गुंडाळली. बारीक काम त्यांच्या बोटांना जमत नाही. कोणत्या बाजूनं गुंडाळायची ते त्यांनी सांगितलं. बेसिन आम्ही तीन हातांनी उचललं, खांबावर ठेवलं, बोल्ट आवळले. पाणी सोडलं तर खालून एक थेंब यायला लागला. पुन्हा आवळलं. थेंब थांबला. बेसिन खिडकीच्या बाजूला किंचित कललेलं आहे. आजही साबण त्या बाजूला सरकतो. अप्पांनी त्यावर हात ठेवला, आधी हलकेच, मग सगळं वजन टाकून. बेसिन हललं नाही. त्यांनी उभ्यानं तोंड धुतलं, आरशात बघून दाढी केली. मी दारात उभी राहून बघत होते आणि या वेळी टॉवेल घडी करायचं सोंग केलं नाही.

पण ते गप्प होते. आदल्या दिवसापासूनच. एवढ्या हट्टानं मागितलेली वस्तू बसली तरी माणूस खूश का नाही? माझ्या डोक्यात पुन्हा डॉक्टर, पुन्हा दवाखाना. संध्याकाळी कूलरपुढं आम्ही ताक घेऊन बसलो होतो. बाहेर तापलेली जमीन हळूहळू निवत होती. मी सरळ विचारलं.

"काल तुमचा चेहरा तसा का झाला होता? खरं सांगा. काही होत होतं का?"

त्यांनी ताकाचा एक घोट घेतला.

"तू घसरलीस तवा झाला," ते म्हणाले.

"मी कुठं पडले? चौकट धरली की."

"धरलीस. न्हाई धरली असती तर?" त्यांनी पेला खाली ठेवला. "मला पडायची भीती वाटत न्हाई, महानंदा. पडलो तर तू हाईस. पण तू सारखी पळत असतीस. भांडं वाजलं की पळतीस, मी खोकलो की पळतीस. ओली फरशी बघत न्हाईस, उंबरा बघत न्हाईस. एक दिवस पडशील. आन् तुला उचलायला माझ्याकडं हात न्हाई राहिला."

इतके महिने मी दारांबाहेर उभी होते. आतल्या माणसाचे कान बाहेर माझ्या पावलांकडं लागलेले असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी पळत यायची आणि त्यांना बरं बघून माझा जीव भांड्यात पडायचा, पण तेवढ्या पळण्यात त्यांचा जीव किती वेळा जाऊन येत असेल!

कूलरच्या जाळीतून पाणी टपकत होतं. आता पळणार नाही, असं वचन द्यावं असं वाटलं. पण दिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी स्वतःला ओळखते.

"मग मला शिकवा," मी म्हटलं.

"काय?"

"पडल्यावर उठायचं. दवाखान्यात त्या व्यायामाच्या बाईंनी तुम्हाला शिकवलं होतं ना? मी तेव्हा तुमच्याकडंच बघत होते, त्या काय सांगतायत ते ऐकलंच नाही."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. चेष्टा नाही हे त्यांना कळलं. ते उठले, हातांची लाकडी खुर्ची ओढत ओढत हॉलच्या मध्ये आणली आणि तिच्यावर बसले. मी पदर खोचला आणि त्यांच्यापुढं फरशीवर आडवी झाले. पन्नाशी उलटलेली, दोन पिढ्यांच्या पोरांना उठा-बसा शिकवलेली बाई. फरशी पाठीला गार लागली. खालून घर वेगळंच दिसत होतं. पंख्याच्या पात्यांवरची धूळ, टेबलाखालचं जळमट, आणि बरंच उंचावर अप्पांचा चेहरा.

"उठू?"

"थांब. आधी नुसती पडून राहा. कुठं दुखतंय का बघ."

"कंबर दुखतेय."

"ती रोजचीच हाय. दुसरं?"

"काही नाही."

"मग आता कुशीवर वळ. माझ्या बाजूला. हळू. कोपर टेकव."

मी वळले, कोपर टेकवलं, पण साडी गुडघ्याखाली अडकली आणि मी पुन्हा पाठीवर आले. हसू आलं. त्या हसण्यात कुठून रडू मिसळलं ते कळलं नाही. अप्पा माझं होईपर्यंत थांबले.

"पुन्हा," ते म्हणाले. "घाई करू नको."

कूस. कोपर. साडी सोडवून एक गुडघा, मग दुसरा. मी रांगत्या मुलासारखी त्यांच्यापुढं होते आणि धाप लागली होती. अप्पा खुर्चीत मागं सरकून घट्ट बसले, दोन्ही पाय जमिनीत रोवले, आणि डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर थोपटलं.

"आता धर इथं. माझं सगळं वजन हाय तिच्यावर. हलायची न्हाई."

मी धरली, आणि उठले.